मोहोराला 'पेस्टर' करता येत नाही, गायीला येतं

देवगडकडच्या एका हापूस बागायतदारांचा प्रश्न आहे. मुलगी अकरावीत. निबंधात तिने लिहिलं, 'हॉपर्स पेस्टर द मँगो ब्लॉसम', म्हणजे तुडतुडे मोहोराला सतावतात. सरांनी खाली लाल रेघ मारून शेजारी शेरा दिला, 'पेस्टर फक्त माणसांना'. मुलीचं म्हणणं असं की पेस्ट म्हणजे कीड, मग कीड लागणं म्हणजे पेस्टर का नाही? वडील लिहितात, "मी तीस वर्षं फवारण्या करतोय, मला तिचंच पटतं. खरं काय ते सांगा."

वाक्य चुकलंय. पण सरांचा शेराही अर्धाच बरोबर आहे. मुलीने जी चूक केली तीच चूक खुद्द इंग्रजांनी साडेचारशे वर्षांपूर्वी केली होती, आणि ती केली म्हणूनच या शब्दाला आजचा अर्थ मिळाला. तेव्हा गुण कापले गेले तरी पोरीची संगत वाईट नाही.

हा शब्द मला एकदा चांगलाच महागात पडला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. माझा धंदा भाषांतराचा. कोर्टाची कागदपत्रं, नोटिसा, खरेदीखतं, वाटणीपत्रं. कोकणात वाटणीच्या कागदाला मरण नाही, त्यामुळे पोट भरतं. अगदी सुरुवातीच्या दिवसांत एक इंग्रजी नोटीस मराठीत करायला आली. मुंबईचा भाऊ गावच्या भावाला सामायिक घराच्या वाटणीसाठी 'पेस्टर' करतोय, असं गावच्या भावाच्या वकिलांनी लिहिलं होतं. मी शब्दकोश उघडला. 'त्रास देणे, सतावणे, छळणे' असे तीन शब्द दिसले. त्यातला शेवटचा जरा वजनदार वाटला, म्हणून ठोकून दिलं: 'आपण माझे अशिलाचा वाटणीकरिता छळ करीत आहात'. वकीलसाहेबांनी कागद परत पाठवला आणि मला बोलावून घेतलं. म्हणाले, "अहो, तो महिन्यातून दोनदा फोन करतो, गणपतीला आला की तोच विषय काढतो. याला तुमच्याकडे छळ म्हणतात? छळ लिहिलात तर उद्या हा पोलिसात जाईल." मी 'छळ' खोडून 'तगादा' लिहिलं. भांडण मिटलं की नाही ते माहीत नाही, पण कागद मात्र खरा झाला.

तेव्हापासून पेस्टर दिसला की मी आधी विचारतो, मागणी काय आहे?

आता शब्दाचं मूळ. पेस्टर आणि पेस्ट ही दोन वेगळ्या घरची माणसं. पेस्टरचं घर शोधायचं तर रोमन गुराख्याकडे जावं लागतं. लॅटिनमध्ये 'पास्तोर' म्हणजे गुरं-मेंढरं चारणारा, राखणारा. जनावर चरायला सोडलं तरी लांब जाऊ नये म्हणून त्याच्या पायांना जी आखूड दोरी बांधत, ती राखणदाराची दोरी म्हणून 'पास्तोरिया'. त्यावरून जनावराचे पाय अडकवणे असं क्रियापद झालं, आणि ते जुन्या फ्रेंचमध्ये 'एम्पेस्ट्रे' अशा रूपात उतरलं. अर्थ: अडकवणं, गुंतवणं, पायात पाय घालणं. फ्रेंचांनी पुढे त्यातला 'स' गाळला. आजचा त्यांचा शब्द 'आंपेत्रे' असा ऐकू येतो आणि अजूनही गुंतणं, अडकणं हाच त्याचा अर्थ आहे. इटालियनमध्ये जनावराच्या पायातल्या दोरीला 'पास्तोया' म्हणतात. इंग्रजांनी मधला 'स' जपला, पुढचं 'एम' टाकून दिलं, आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'पेस्टर' तयार झाला.

हे वाचून कोकणातल्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही. भातकापणी झाली की आपल्याकडे गुरं मोकळी सुटतात. त्यात एखादी गाय अशी निघते की तिला कितीही उंच गडगा घाला, ती उडी मारून शेजाऱ्याच्या वायंगणात किंवा कुळथात जाणारच. मग तिच्या गळ्यात लोढणं येतं. हातभर लांबीचा ओंडका दोरीने असा टांगायचा की ती धावायला लागली की तो पुढच्या गुडघ्यांवर आपटला पाहिजे. गाय चरू शकते, चालू शकते, पण मनासारखं धावू शकत नाही. 'गळ्यात लोढणं' हा वाक्प्रचार आपण नको असलेल्या जबाबदारीसाठी वापरतो तो इथूनच. 'पायबंद' हा तर फारसीतून आलेला सरळ जोडशब्द आहे, पाय आणि बंद. आपण सावकारीला पायबंद घालतो, बेकायदा वाळू उपशाला पायबंद घालतो. इंग्रजांच्या पेस्टरच्या मुळाशी नेमका हाच पायबंद आहे. फरक एवढाच की आपल्याकडे तो रोखण्याच्या अर्थाकडे गेला आणि त्यांच्याकडे सतावण्याच्या.

तो सतावण्याकडे गेला कसा, हा यातला खरा रंगतदार भाग. इंग्रजीत आल्यावर सुरुवातीला पेस्टरचा अर्थ त्रास देणं असा नव्हताच. अडचण करणं, खच्चून भरणं, वाट तुंबवणं असा होता. जहाजात माल इतका भरला की खलाशाला पाय टाकायला जागा उरली नाही, तर ते जहाज 'पेस्टर्ड'. चाकरमानी गणपतीला निघतात तेव्हाचा रेल्वेचा साधा डबा डोळ्यांसमोर आणा: संडासाच्या दारात मखर, वर बर्थवर चार माणसं, खाली वाटेत पिशव्यांवर बसलेली म्हातारी. सोळाव्या शतकातल्या इंग्रजाने या डब्याला पेस्टर्ड म्हटलं असतं आणि त्याला त्यात कुणी सतावणारा माणूस अभिप्रेत नसता.

शेक्सपिअरकडे दोन्ही अर्थ सापडतात, हे मला फार आवडतं. त्याच्या 'कोरिओलेनस' नाटकात बंडखोरांचे जमाव रस्ते पेस्टर करतात, म्हणजे रस्ते तुंबवतात. तो जुना अर्थ. आणि 'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकात राजा क्लॉडियस दरबारात तक्रार करतो की नॉर्वेचा तरुण फोर्टिनब्रास निरोपावर निरोप पाठवून आम्हाला पेस्टर करतो आहे, त्याच्या बापाने गमावलेल्या जमिनी परत करा म्हणून. हा आजचा अर्थ, पुरेपूर. बापाच्या हातून गेलेली जमीन, पोराचा तगादा आणि ताबा धरून बसलेला मनुष्य. सिंहासन आणि तलवारी काढून घेतल्या तर माझ्या टेबलावरच्या निम्म्या फायली याच आहेत.

जुना अर्थ लगेच मेला नाही. 1634 साली मिल्टनचं 'कोमस' हे नाट्यकाव्य लडलोच्या किल्ल्यात सादर झालं. त्याच्या अगदी सुरुवातीला एक स्वर्गीय आत्मा पृथ्वीवरच्या माणसांविषयी बोलतो. ही माणसं या 'पिनफोल्ड'मध्ये कोंडलेली आणि पेस्टर झालेली आहेत, असं तो म्हणतो. पिनफोल्ड म्हणजे भटकी गुरं आणून कोंडायची जागा, आपला ग्रामपंचायतीचा कोंडवाडा. म्हणजे गुराख्याच्या दोरीपासून निघालेला शब्द शंभरेक वर्षं हिंडून पुन्हा गुरांच्याच कोंडवाड्यात आला. मिल्टनला लॅटिन उत्तम येत होतं. त्याने हे जाणून केलं असावं असं मला वाटतं, पण भाषांतरकाराला असं वाटतच असतं.

आता पेस्टकडे येऊ, कारण मुलीचा मुद्दा तिथे आहे. पेस्ट हा लॅटिन 'पेस्टिस'पासून आला. अर्थ साथ, महामारी. इंग्रजीत तो पहिल्यांदा किडीसाठी आलेला नाही, रोगासाठी आला. प्लेगच्या रोग्यांना गावाबाहेर ठेवायच्या घरांना ते 'पेस्टहाउस' म्हणत. 1896 साली मुंबईत जी गाठीची साथ आली आणि जिच्या भीतीने लोक बायकापोरं घेऊन गावाकडे पळाले, तिला फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांत आजही याच वळणाचं नाव आहे. मग जसं आपण एखाद्या पोराला 'काय ही ब्याद' म्हणतो, तसं इंग्रजही नकोशा माणसाला पेस्ट म्हणू लागले. शेतातल्या किडीला हे नाव मिळालं ते त्याच्याही नंतर. तुमच्या फवारणीच्या बाटलीवरचा शब्द या खानदानातला सगळ्यात धाकटा.

तारखा जुळवून बघा. पेस्टर सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात आला, अडकवणं-तुंबवणं असा अर्थ घेऊन. शतकाच्या मध्याला पेस्टही आला, महामारी असा अर्थ घेऊन. दोन शब्द एकाच गल्लीत राहायला आले, आवाज सारखे. ज्याला लॅटिनची दोरी ठाऊक नाही त्या इंग्रजाने काय ऐकलं असेल? त्याने पेस्टरमध्ये पेस्ट ऐकला. आणि शतक संपायच्या आत पेस्टरचा अर्थ तुंबवण्यावरून सरकून पिडण्यावर आला. मूळ दोरीचं, पण ओढ लागली महामारीची. म्हणून मुलीला सांगा, पेस्टर हा पेस्टपासून जन्मला नाही, पण पेस्टच्या शेजारात वाढला आणि त्याच्या सवयी शिकला.

शब्दाच्या आवाजावरून लोकांनी स्वतःच त्याची व्युत्पत्ती लावणं आणि मग त्याचा अर्थ किंवा रूप तिकडे कलणं, हे सगळ्याच भाषांत चालतं. आपल्याकडचं सर्वांत लाडकं उदाहरण पावाचं. पाव पायाने मळतात म्हणून पाव, असं माझी आजी छातीठोकपणे सांगायची आणि त्या कारणाने तिने आयुष्यभर पाव तोंडात घातला नाही. शब्द पोर्तुगीज आहे, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ फक्त भाकरी-रोटी. पायाशी त्याचा संबंध नाही. दुसरं उदाहरण आपल्या कुंपणावरचं. खाजकुयली कोकणात कुणाला ठाऊक नाही? तिच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की दिवसभर माणूस नाचतो. हिंदीत तिला केवांच म्हणतात. इंग्रजांनी केवांच ऐकलं आणि त्याचं केलं 'काऊइच'. काऊ म्हणजे गाय, इच म्हणजे खाज. गायीचा त्या वेलीशी काय संबंध, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. कानाला ओळखीचे दोन शब्द सापडले, झालं समाधान.

मग मोहोरासाठी कोणता शब्द? 'इन्फेस्ट'. तुडतुड्यांनी मोहोर इन्फेस्ट केला. कृषी विद्यापीठाच्या पत्रकात ज्याला 'प्रादुर्भाव' म्हणतात तो हाच. आणि गंमत बघा, इन्फेस्टमध्येही तुमच्या मुलीला पेस्टसारखं काहीतरी ऐकू येईल, पण तोही पेस्टचा नातेवाईक नाही. तो लॅटिनच्या 'शत्रुत्वाचा, हल्लेखोर' अशा अर्थाच्या शब्दावरून आला. म्हणजे बागेत एकच कीड, पण तिच्यासाठीचे इंग्रजी शब्द तीन घरांतले: पेस्ट महामारीचा, इन्फेस्ट शत्रूचा आणि पेस्टर गुराख्याचा. देवनागरीत लिहिताना तर टूथपेस्टमधला पेस्टही यांच्यातच येऊन बसतो. त्याला तुम्हीच बाहेर काढा.

पेस्टर मोहोराला का चालत नाही, याचं उत्तर आजच्या वापरात आहे. ज्याला पेस्टर करायचं त्याला वैताग यायला हवा. मोहोराचा रस तुडतुडे शोषतात, त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते, मोहोर गळतो, बागायतदाराची झोप उडते. पण मोहोर वैतागत नाही. वैतागता तुम्ही. गाय मात्र वैतागते. भर पावसात गोठ्यात माश्या तिच्या डोळ्यांवर बसतात, ती शेपटी मारते, मान हलवते, परत माश्या येतात. 'फ्लाइज पेस्टर द काऊ' हे इंग्रजी शुद्ध आहे. म्हणून सरांचा 'फक्त माणसांना' हा शेरा अर्धाच बरोबर, असं मी वर म्हटलं.

दुसरी अट पुन्हा पुन्हाची. एकदाच काही केलं तर ते पेस्टर नाही. शेजाऱ्याने रात्री अकराला एकदा मोठ्याने गाणी लावली, तर त्याने तुम्हाला 'ॲनॉय' केलं. तो रोज सकाळी गडग्यावरून वाकून 'तुमच्या फणसाची फांदी कधी तोडताय' असं विचारतो, हे पेस्टर. इंग्रजीत त्यापुढे लागणारे छोटे शब्दही हेच सांगतात. 'पेस्टर समवन फॉर समथिंग', म्हणजे काहीतरी मागण्यासाठी. 'विथ क्वेश्चन्स', म्हणजे प्रश्नांनी. आणि सर्वांत बोलका 'इंटू': 'ही पेस्टर्ड मी इंटू सेलिंग'. मागून मागून त्याने मला शेवटी विकायलाच लावलं. एखाद्या वयस्क मालकाकडून रस्त्यालगतची जमीन अशी सुटते तेव्हा मराठी कागदावर 'स्वखुशीने' लिहिलेलं असतं. ते मीच लिहितो.

जाहिरातवाल्यांनी यातून 'पेस्टर पॉवर' हा शब्दप्रयोग काढला आहे. मुलांनी आईबापांकडे मागून मागून वस्तू घ्यायला लावण्याची ताकद. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर घोडागाडी, उंट आणि फुगेवाला एका रांगेत दिसले की ही पॉवर काय असते ते कळतं. पोर एकदा रडत नाही, दर दहा पावलांनी रडतं.

आता मराठीत काय म्हणायचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे आणि शब्दकोशातल्या 'त्रास देणे'ने त्या श्रीमंतीवर पाणी पडतं.

माझा पहिला शब्द तगादा. मुळात अरबी, फारसीवाटे आपल्याकडे आला, अर्थ देण्याची मागणी. त्याला पैशाचा वास आहे. मागणाऱ्याचा काहीतरी हक्क आहे, निदान त्याला तसं वाटतं, म्हणून नोटिशीत तो शोभतो. 'लकडा लावणं' त्याच्याच जवळचं, पण जास्त घरगुती. लकडा ऐकला की मला गळ्यातलं लाकूडच दिसतं, त्यामुळे पेस्टरसाठी तो माझा मनातला आवडता. हक्क नसून हट्ट असेल तर टुमणं. नवऱ्यामागे 'यंदा चिऱ्याचा कंपाउंड बांधूया' असं बायकोने लावलेलं ते टुमणं. तेच जरा चढ्या आवाजात सारखं चाललं की धोशा. पोराने लावली तर भुणभुण. यातही पिरपिर आणि भुणभुण निराळी: पिरपिरीत रडणं असतं, मागणं असेलच असं नाही. कटकट, किरकिर, भुणभुण, पिरपिर हे सगळे शब्द दोनदा उच्चारलेले आहेत, हे लक्षात घ्या. पुन्हा पुन्हाची अट मराठी आवाजातच पुरी करते. इंग्रजीत त्या कामाला कधीकधी 'अर' हा शेवट येतो, पाऊस 'पॅटर' करतो, पंख 'फ्लटर' होतात. पेस्टरमधला 'अर' तसा नाही, तो फ्रेंचमधून असाच आलेला आहे. पण मुलीने तो 'टीचर'सारखा, म्हणजे 'पेस्ट करणारा' असाही समजू नये.

त्रास सोसणाऱ्याच्या बाजूने बोलायचं तर 'भंडावून सोडलं', 'वात आणला'. वात हा आयुर्वेदातला दोष, तो चढला की माणूस बरळतो, म्हणून वात आणणं. मालवणीत 'माझो जीव खाव नको' म्हटलं की सगळं येतं, त्याला भाषांतर लागत नाही. आणि 'पिडणं' आहेच. संस्कृतात 'पीड्' म्हणजे दाबणं, पिळणं. पिडणं आणि पिळणं ही एकाच धातूची लेकरं. कंटाळवाणं बोलणाऱ्याला आपण 'फार पिळतो' म्हणतो तेव्हा नकळत तीन हजार वर्षांमागचा अर्थ बोलत असतो. छळणं मात्र पेस्टरसाठी नको. छळात हेतू वाईट असतो. पेस्टर करणाऱ्याला तुमचं वाईट करायचं नसतं, त्याला फक्त फांदी तोडून हवी असते. 'हॅरस' हा छळाच्या बाजूचा शब्द. 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेच्या 498अ कलमाच्या स्पष्टीकरणात तोच होता. 'ॲनॉयन्स' हाही सार्वजनिक उपद्रवाच्या 268व्या कलमात होता. पेस्टरला मात्र मी कधी कुठल्या कलमात भेटलो नाही. तो घरगुती शब्द आहे, ओसरीवरचा.

ससेमिरा राहिला. 'त्याने माझ्यामागे ससेमिरा लावला' यातला शब्द ऐकून पुष्कळांना तो फारसी वाटतो, सरदार-दरकदारांच्या वेळचा. तो संस्कृत आहे, आणि शब्दही नाही, चार सुटी अक्षरं आहेत. जुन्या गोष्टींत एक राजपुत्र शिकारीला जातो, वाघाच्या भीतीने झाडावर चढतो. वर अस्वल असतं. ते त्याला अभय देतं, आपल्या मांडीवर झोपू देतं आणि वाघाने कितीही सांगितलं तरी त्याला खाली टाकत नाही. मग अस्वल झोपतं, राजपुत्राची पाळी येते, आणि वाघाचं ऐकून हा त्याला ढकलतो. अस्वल फांदी धरून वाचतं आणि त्याला शाप देतं. राजपुत्र वेडा होतो, 'स से मि रा' एवढंच बडबडत फिरतो. पुढे एक विद्वान या चार अक्षरांनी सुरू होणारे चार श्लोक म्हणतो, बहुतेक मित्रद्रोहाविषयीचे. एकेका श्लोकासरशी त्याचं एकेक अक्षर सुटतं आणि शेवटी तो शुद्धीवर येतो. तेच तेच बोलत राहणं, हा त्यातला धागा मराठीने उचलला आणि त्याचा ससेमिरा केला. सरकारी चौकशीचा ससेमिरा लागतो तेव्हा त्यात अस्वल कुठे असतं ते मात्र ज्याचं त्याने बघावं.

तगाद्याची आपल्याकडची एक जुनी पद्धत इंग्रजांनी चक्क कायद्यात नोंदवून ठेवली. धनको ऋणकोच्या दारात धरणं धरून बसायचा, उठायचा नाही, जेवायचा नाही. हा इथे उपाशी मेला तर पाप आपल्या माथी, या भीतीने ऋणको पैसे काढायचा. 1860च्या दंडसंहितेत 508व्या कलमाखाली, दैवी कोपाची भीती घालून काही करायला लावण्याच्या गुन्ह्याचं उदाहरण म्हणून हे धरणं दिलेलं आहे, आणि तिथे शब्द 'धरणं' हाच ठेवला आहे, इंग्रजी केलेला नाही. 'पेस्टर' त्यांच्याकडे होता, पण दारात बसलेल्या त्या माणसाला तो पुरला नसता.

पेस्टरचे इंग्रजी शेजारी थोडक्यात. 'टीज' म्हणजे मुळात लोकर पिंजणं, 'नॅग'च्या मुळाशी कुरतडणं आहे, 'बॅजर' हा बिळातल्या प्राण्यावर कुत्रे सोडण्याच्या खेळावरून. 'ॲनॉय'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'मला याचा तिटकारा आहे' असं म्हणणं आहे. यांतल्या 'टीज' आणि 'ॲनॉय'मध्ये मागणी नसते, तेवढं लक्षात ठेवलं की पुरे.

सख्खे भाऊबंद मात्र दोन सांगण्यासारखे आहेत. एक 'पास्टर'. प्रोटेस्टंट चर्चचा धर्मगुरू, म्हणजे कळपाचा राखणदार. मराठी ख्रिस्ती मंडळींनी त्याला 'पाळक' हा शब्द योजला, तो मला कुठल्याही भाषांतरकाराने केलेल्या उत्तम कामांपैकी एक वाटतो. शब्दामागचं चित्र जसंच्या तसं आलं, ओढाताण नाही. दुसरा 'पास्टर्न'. घोड्याच्या पायाचा खूर आणि घोटा यांमधला भाग, जिथे ती दोरी बांधली जाते. डॉ. जॉन्सनने 1755च्या आपल्या प्रसिद्ध इंग्रजी कोशात त्याचा अर्थ दिला, घोड्याचा गुडघा. एका बाईंनी विचारलं, असं का लिहिलंत? तो म्हणाला, अज्ञान, बाईसाहेब, शुद्ध अज्ञान. माझ्या छळाच्या नोटिशीची आठवण आली की मी हे वाक्य मनात म्हणून घेतो.

आता मुलीने काय लिहावं ते. 'हॉपर्स इन्फेस्ट द मँगो ब्लॉसम' हे वाक्य सर कापणार नाहीत. आणि पेस्टर वापरायचाच असेल, तर तो मोहोराकडून उचलून बागेच्या मालकाकडे न्यावा. मोहोर फुटल्यापासून दलाल दर आठवड्याला फोन करून विचारतो, बाग यंदा कितीला देणार? त्याच्यासाठी हा शब्द अगदी मापाचा आहे.